नावडतीचे मीठ

नावडतीचे मीठ अळणी, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, तो माणूस मोठा जाणता असला पाहिजे. त्याने दोष मिठाला दिला नाही, नावडतीलाही दिला नाही. तो चाखणाऱ्याच्या जिभेला दिला. एकदा एखादी नावडती ठरली की तिने मूठभर मीठ टाकले तरी आमटी अळणीच लागायची! माणसांच्या वाट्याला येणारे हे नावडतेपण पुस्तकांच्या, नाटकांच्या आणि चित्रपटांच्याही वाट्याला येते. फराळाची ताटे पुढ्यात आहेत, मंडळी निवांत बसली आहेत. तेव्हा अशाच एका नावडतीची कैफियत आज वाचकांपुढे मांडावी, असे मनात आहे.

ही नावडती म्हणजे ‘क्रिश ३’ हा हिंदी विज्ञानपट. राकेश रोशन ह्यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १ नोव्हेंबर २०१३ रोजी, ऐन धनत्रयोदशीला, पडद्यावर आला. ‘कोई मिल गया’ (२००३) आणि ‘क्रिश’ (२००६) ह्या दोन चित्रपटांचा तो उत्तरभाग. ‘क्रिश २’ नावाचा चित्रपट कधी निघालाच नाही. मालिकेतला तिसरा म्हणून ह्याला एकदम तीनचा आकडा मिळाला आणि थट्टेला तिथूनच सुरुवात झाली. मुलाबाळांनी चित्रगृहे भरली, गल्लाही भरपूर जमला; पण जाणत्यांच्या पंक्तीत ह्या चित्रपटाला पान मिळाले नाही ते नाहीच. परीक्षकांनी नाके मुरडली. कॉलेजातल्या पोरांनी विनोद रचले. आमच्या भुसावळात कट्ट्यावर कोणी भलतीच थाप ठोकू लागला, की दुसरा म्हणायचा, “बस कर भो, क्रिश तीन नको सांगू!”

मी शाळामास्तर आहे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पदव्यांचे ओझे माझ्या डोक्यावर नाही, त्यामुळे चित्रपटाच्या शास्त्राविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. पण वर्गातल्या पोरांच्या मनात काय रुजते आणि काय वाऱ्यावर जाते, एवढे ह्या वर्षांत कळू लागले आहे. शिवाय इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय. ‘क्रिश ३’ची बाजू मी घेणार आहे ती ह्या इतिहासाच्याच आधाराने, आणि त्यासाठी वाचकांना माझ्याबरोबर १८९६ सालच्या मुंबईपर्यंत मागे यावे लागेल.

परंतु न्यायाची रीत अशी की, आधी फिर्यादीचे म्हणणे ऐकावे. आरोप तीन आहेत. पहिला उसनवारीचा. हवे ते रूप घेणारी काया, मनाच्या बळावर लोखंड वाकवणारा आणि चाकांच्या खुर्चीत बसलेला खलनायक काल, माणूस आणि जनावर ह्यांच्या मिश्रणातून घडवलेले ‘मानवर’, हे सारे अमेरिकेच्या ‘एक्स-मेन’ चित्रपटांतून उचलले. नायकाचे उडणे ‘सुपरमॅन’कडून घेतले. दुसरा आरोप गाण्यांचा. तिसरा बाळबोधपणाचा, म्हणजे चांगला तो फारच चांगला, वाईट तो फारच वाईट, आणि मधले कोणीच नाही.

ह्यातला दुसरा आरोप नावडतीच्या वतीने मी आत्ताच कबूल करून टाकतो. शहरावर संकट घोंगावत असताना मंडळी वाळवंटात जाऊन गाणी म्हणतात, त्याचे समर्थन करणे कोणत्याही वकिलाला जमणार नाही. तिसऱ्या आरोपाला उत्तर देण्याचे कारणच नाही. चित्रपट बाळांसाठी आहे. तो बाळबोध असायचा नाही तर काय न्यायमूर्ती रानड्यांच्या निबंधांसारखा असायचा? उरला पहिला आरोप. तो मात्र गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर भुसावळहून चारेक तासांच्या अंतरावर, नाशिक जिल्ह्यात सापडते.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक परदेशी मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता, पण फाळक्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण उभा राहत होता. पुढे ते विलायतेला गेले, तिथून कॅमेरा आणला, तंत्र शिकून आले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. यंत्र परक्याचे, तंत्र परक्याचे, कल्पनेची पहिली ठिणगीही परक्याच्याच चित्रपटातली. तरीदेखील ‘राजा हरिश्चंद्र’ उसना आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. कारण अंगरखा कोणाचा ह्यापेक्षा आत देह कोणाचा, हे महत्त्वाचे.

ह्याच दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालियामर्दन’ काढला. त्यात बाळकृष्ण झाली होती त्यांची स्वतःची चिमुकली मुलगी मंदाकिनी. कालियाची कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. नदीच्या डोहात एक विषारी नाग येऊन राहतो. त्याच्या विषाने पाणी नासते. ते पिऊन गाई आणि गोपाळ निश्चेष्ट पडतात. मग कृष्ण नावाचा एक पोरगा डोहात उडी घेतो. नीट पाहिले तर ही युद्धाची कथा नाही. ती एका गावावर आलेल्या विषबाधेची कथा आहे.

आता ‘क्रिश ३’ची गोष्ट ऐका. काल नावाचा एक बुद्धिमान पण क्रूर माणूस दूर डोंगरात प्रयोगशाळा थाटून बसला आहे. त्याचे शरीर लुळे आहे, बोटे तेवढी हलतात. तो रोगाचे विषाणू तयार करतो, ते माणसांत सोडतो आणि मग त्याच रोगावरचा उतारा आपल्या कंपनीमार्फत पैसे घेऊन विकतो. आफ्रिकेतल्या नामिबियात हा धंदा करून झाल्यावर तो मुंबईकडे वळतो. मुंबईत माणसे पटापट पडू लागतात. रोहित मेहरा ह्या शास्त्रज्ञाच्या लक्षात येते की, आपल्या घरच्या माणसांना ही बाधा होत नाही. तेव्हा तो आपल्या घरच्याच रक्तातून उतारा तयार करतो, आणि त्याचा मुलगा कृष्णा, म्हणजेच क्रिश, तो शहराला पोहोचवतो. कोणाकडून एक पैसा न घेता!

नायकाचे नाव कृष्णा आणि विष पसरवणाऱ्याचे नाव काल. परीक्षकांना ह्यात अमेरिकेचे मानवर दिसले. डोहातला कालिया दिसला नाही. दिग्दर्शकाने हे योजून केलेले असो वा नकळत घडलेले असो, अंगरखा अमेरिकेचा असला तरी आतला देह गोकुळातला आहे. आणि ह्या अंगरख्याची शिलाईसुद्धा इथलीच बरे का! चित्रपटातली सगळी दृश्यांची करामत मुंबईच्या रेड चिलीज व्हीएफएक्स ह्या संस्थेतल्या कारागिरांनी केली होती. १९६७ साली दारा सिंगांना ‘चाँद पर चढाई’त चंद्रावर पोहोचवणाऱ्यांपासून ते १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’त नायकाला अदृश्य करणाऱ्यांपर्यंत जी परंपरा होती, तिचेच हे वारसदार.

पण मला खरे सांगायचे आहे ते ह्याच्याही पुढचे आहे. ह्या चित्रपटातली कथा पुराणात जशी आहे, तशी ती मुंबईच्या इतिहासातही आहे.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रोग्याला तपासले आणि निदान केले: गाठीचा प्लेग. पुढल्या काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून पळाली. पळाली ती आगगाडीने, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर उंदरांवरच्या पिसवाही निघाल्या. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मुंबईहून निघालेली लोखंडी वाट आमच्या भुसावळला येऊन दोन दिशांना फुटते. एक नागपूरकडे, एक जबलपूर-अलाहाबादकडे. ज्या वाटेने माणूस जातो, त्याच वाटेने साथ जाते. आमच्या आळीत रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा होते. ते आपल्या आजीकडून ऐकलेली हकीकत सांगत. घरात उंदीर पडला की चूल विझवायची, दाराला कडी घालायची आणि शेतात झोपडी बांधून राहायचे. ह्याला ‘गाव बाहेर पडणे’ म्हणत. काही घरांच्या कड्या पुन्हा कोणी उघडल्याच नाहीत, असे सांगताना आजोबांचा आवाज बसत असे. त्या साथीने पुढल्या वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

सरकारने काय केले? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, सामान जाळले, बायाबापड्यांची अब्रू धुळीला मिळवली. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या पिस्तुलाने झाला, हे आपण सारे जाणतो. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढवला होता. रुग्णालयात नेतात ते मारण्यासाठीच, माणसाच्या देहातून तेल काढतात, अशा अफवा घरोघर फिरत होत्या. रोग एक होता, आणि अविश्वास हा दुसरा रोग होता. पहिल्यावर औषध शोधता येते. दुसऱ्यावर काय शोधणार?

ह्याच ऑक्टोबरात मुंबईत एक परदेशी माणूस उतरला. वाल्डेमार हाफकिन त्याचे नाव. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झाला होता आणि पटकीची लस घेऊन १८९३ पासून हिंदुस्थानात हिंडत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक ओसरी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन मदतनीस. एवढ्या संसारावर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. आता ती टोचायची कोणाला? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती स्वतःच्या दंडात टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले. पण माणूस उभा राहिला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले काही कैदी आपण होऊन पुढे आले.

मी वर्गात हा धडा सांगतो तेव्हा मुलांना एकच प्रश्न विचारतो. हाफकिनने स्वतःला का टोचून घेतले? शास्त्राचे उत्तर असे की, लस निर्धोक आहे हे पाहण्यासाठी. पण इतिहासाचे उत्तर वेगळे आहे. ज्या शहरात रुग्णालयावर दगड पडत होते, त्या शहराला दाखवण्यासाठी. पहिल्या रोगावरची लस कुपीत होती. दुसऱ्या रोगावरची, म्हणजे अविश्वासावरची, त्या दंडात होती.

त्याच काळात पुण्याजवळ एक म्हातारी बाई प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होती. मुंढव्याच्या एका पोराला तिने पाठीवर घेतले आणि मुलगा डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात पोहोचवले. तो रोग तिला लागला आणि १० मार्च १८९७ रोजी ती गेली. त्या सावित्रीबाई फुले. त्यांच्या तोंडावर मुखवटा नव्हता, पाठीवर उडता झगा नव्हता. पाठीवर एक तापलेले पोर होते.

आणि हाफकिनचे पुढे काय झाले? ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. खापर हाफकिनवर फुटले. त्याला कामावरून दूर केले गेले. दोष लसीचा नसून त्या गावी कुपी उघडताना झालेल्या हलगर्जीपणाचा होता, हे सिद्ध होऊन त्याच्यावरचा डाग पुसला जायला १९०७ साल उजाडावे लागले. ज्या परळच्या प्रयोगशाळेची त्याने उभारणी केली, तिला १९२५ साली त्याचे नाव मिळाले. नावडतीचे मीठ किती काळ अळणी लागू शकते, त्याचा हा हिशेब.

आता पुन्हा एकदा ‘क्रिश ३’कडे पाहू. मुंबईवर साथ. उतारा विकणारा एक आणि उतारा वाटणारा एक. वाटणारा तो उतारा कुठून काढतो? तिजोरीतून नव्हे, सरकारी कोठारातून नव्हे. स्वतःच्या घरच्या रक्तातून. चित्रपटाच्या अखेरीस तर हा रोहित, मरून पडलेल्या मुलाला उठवण्यासाठी, आपल्याच यंत्राने सूर्याचे तेज त्याच्या देहात ओततो आणि त्या खटपटीत आपला प्राण देतो. उडणारा मुलगा मुलांना आवडतो हे ठीक; पण ह्या चित्रपटाचा खरा नायक चष्मा लावलेला, खांदे पाडून चालणारा, लाजत बोलणारा तो शास्त्रज्ञ बाप आहे. आपल्या पडद्यावर पोलीस नायक झाले, डाकू नायक झाले, कोर्टातले वकील झाले. दिवाळीच्या सुट्टीत साऱ्या देशातल्या पोरांनी ज्याच्यासाठी डोळे पुसावेत असा लस करणारा नायक मला दुसरा आठवत नाही.

मास्तर म्हणून मला ह्यात आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. हा रोहित ‘कोई मिल गया’त कोण होता? बुद्धीने मागे राहिलेला, वयाने मोठा असून लहान मुलांच्या वर्गात बसणारा, शिक्षकांची बोलणी खाणारा मुलगा. आपण ज्याला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतो, तोच. आणि काल कोण? रोहितच्याच अंशापासून प्रयोगशाळेत घडवलेला, जन्मतःच लुळा, नकोसा म्हणून अनाथाश्रमात गेलेला मुलगा. दोघेही अधू, दोघांचेही मूळ एकच. एकाला आई मिळाली, गल्लीतले सवंगडी मिळाले. तो उतारा करणारा झाला. दुसऱ्याच्या वाट्याला आधी प्रयोगशाळा आली. तो विष करणारा झाला. चांगला तो चांगला आणि वाईट तो वाईट, असा बाळबोध हिशेब म्हणून ज्याची चेष्टा झाली, त्या चित्रपटाने चांगल्या-वाइटाच्या मुळाशी जाऊन एवढे सांगितले आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे दहा व्याख्यानांनी सांगतात.

चित्रपट आला तेव्हा साथीची गोष्ट कोणी मनावर घेतली नव्हती. १९१८ सालची मानमोडी पाहिलेली पिढी कधीच निघून गेली होती. साथ ही पुस्तकातली गोष्ट झाली होती. मग मार्च २०२० उजाडला. १८९७ सालचाच तो कायदा पुन्हा बाहेर निघाला. भुसावळच्या फलाटावर, जिथे रात्री तीन वाजतासुद्धा चहाची आरोळी ऐकू येते, तिथे शुकशुकाट झाला. २०२१ च्या एप्रिलात माणसे एका इंजेक्शनच्या कुपीसाठी गावोगाव रांगा लावून उभी होती. लस आली होती, पण तिची किंमत सरकारला एक, राज्यांना दुसरी आणि खासगी रुग्णालयांना तिसरी, असा वाद देशभर पेटला. अखेर २१ जून २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना केंद्र सरकारतर्फे मोफत लस मिळू लागली. उतारा विकायचा की वाटायचा, हा ‘क्रिश ३’मधला बाळबोध प्रश्न सात-आठ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

इथे एक चतुर वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, “अहो मास्तर, ह्याच चित्रपटाने लोकांच्या डोक्यात भरवले ना, की औषध विकणारेच रोग सोडतात? लसीच्या काळात ही अफवा किती घातक ठरली!” हा आरोप परीक्षकांच्या तिन्ही आरोपांहून वजनदार आहे. त्याचे उत्तर मी माझ्या पदरचे देत नाही. मला ते जिथे ऐकायला मिळाले तिथले देतो.

३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना लस देणे सुरू झाले. आमच्या शाळेतही शिबिर भरले. लस होती ती कोव्हॅक्सिन. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू घेऊन तयार झालेली. नववी-दहावीच्या पोरांची रांग लागली. ही मुले २०१३ साली सहा-सात वर्षांची होती. ‘क्रिश ३’ पाहून पलंगावरून उड्या मारणारी हीच ती पिढी. एका मुलाच्या घरून संमतीपत्र आले नव्हते. त्याचे वडील दुसऱ्या लाटेत गेले होते. इंजेक्शनांपायी घरातले सोने मोडले होते. मी त्याच्या आईला बोलावून घेतले. ती दारातच उभी राहून म्हणाली, “औषध विकणारेच रोग सोडता, सर. त्या क्रिशच्या पिक्चरात नाही का दाखवलं?”

मी इतिहासाचा मास्तर. हाफकिन माझ्या जिभेवर आलाच होता. पण मी बोलण्याच्या आधी तो मुलगाच बोलला.

“आई, त्याच पिक्चरात रोहित फुकट औषध वाटतो. त्याचे पैसे कुठं घेतो तो? हे बी फुकटच आहे.”

बाई बराच वेळ काही बोलली नाही. रांग पुढे सरकत होती. मग तिने माझ्याकडून पेन मागून घेतले आणि सही केली. जाता जाता हलकेच विचारले, “मोठ्यांची कुठं देता सर?”

वाचकहो, चित्रपटात उतारे दोन आहेत, ही गोष्ट त्या पोराच्या ध्यानात होती. एक विकला जातो, दुसरा वाटला जातो. विकणाऱ्यावर संशय घ्यायला चित्रपट शिकवतो हे खरे. पण वाटणाऱ्यावर विश्वास ठेवायलाही तोच शिकवतो. संशय कोणीही शिकवील. त्याला शाळा लागत नाही आणि चित्रपटही लागत नाही. नवरा आणि सोने दोन्ही गेलेल्या बाईला तर तो कोणी शिकवावाच लागत नाही. विश्वास मात्र शिकवावा लागतो. १८९७ साली तो एका माणसाला स्वतःच्या दंडात सुई खुपसून शिकवावा लागला. २०१३ साली तोच धडा कोणी मुखवटा, उड्या आणि जॉर्डनच्या वाळवंटातली गाणी लावून शिकवला असेल, तर मी त्या गाण्यांसकट तो पत्करायला तयार आहे.

‘क्रिश ३’ हा थोर चित्रपट आहे असे माझे म्हणणे नाही. त्यात साबणफेस पुष्कळ आहे, जाहिराती घुसडल्या आहेत, आणि शेवटची मारामारी इतकी लांबते की तेवढ्यात सोऱ्यातून पाव किलो शेव पाडून व्हावी. परंतु जो प्रश्न त्याने विचारला तो आपला आहे. आपल्या शहराचा, आपल्या इतिहासाचा आहे. ज्या दिवशी तो पडद्यावर आला, ती धनत्रयोदशी आपण धनाची पूजा म्हणून साजरी करतो. पण तो दिवस आधी धन्वंतरीचा आहे. समुद्रमंथनातून विष वर आले तेव्हा ते एकट्या शंकराने प्यायले, आणि अमृत आले तेव्हा ते हातात घेऊन वर आला तो वैद्य होता. दुकानदार नव्हता.

ह्या सुट्टीत दुपारी पोरे घरात धिंगाणा घालू लागली, की त्यांना हा चित्रपट लावून द्या. जमल्यास त्यांच्याशेजारी बसा. गाणी आली की उठून चहा टाका. आणि रोहित आपल्या घरच्या रक्ताकडे पाहत विचारात पडतो, त्या ठिकाणी पोरांना परळच्या त्या जुन्या इमारतीची, आणि मुंढव्याच्या पोराला पाठीवर घेऊन चालणाऱ्या बाईची गोष्ट सांगा. मीठ पुरेसे आहे की नाही, ते पोरेच सांगतील.